सकाळचं दुखणं

चष्म्याच्या दुकानात त्या मुलीची डावी बाहुली मला गोल दिसली नाही, एवढंच खरं तर घडलं. एम. जी. रोडवरचं दुकान, दुपारचे बारा, मी माझा नवा चष्मा न्यायला गेले होते आणि काउंटरवरची बाई त्याच्या काचा पुसत होती. शेजारच्या स्टुलावर सहा-सात वर्षांची एक मुलगी बसली होती. तिची फ्रेम नाकावरून घसरत होती म्हणून ती काढून ठेवलेली, आणि आरशावरच्या दिव्याचा उजेड सरळ तिच्या चेहऱ्यावर पडलेला. बत्तीस वर्षं मी लहान मुलांच्या डोळ्यांत टॉर्च मारत आलेय, त्यामुळे नजर आपोआप तिथंच जाते. उजवी बाहुली ठीक होती. डावी मात्र कडेला दोन ठिकाणी कशात तरी अडकून ओढली गेल्यासारखी, उसवलेल्या काजासारखी दिसत होती, आणि जिथं काळंभोर दिसायला हवं तिथं धुरकट पांढरं होतं. मी मनात म्हटलं, हे जुनं दुखणं आहे, डोळा आतल्या आत महिनोन्महिने सुजत राहिलाय, कुणीतरी फार उशीर केला. हे 'कुणीतरी' मी अगदी तोऱ्यात म्हटलं. दुसऱ्या डॉक्टरची चूक ओळखताना मला नेहमीच एक बारीकसं सुख होत आलंय, आणि खोटं कशाला बोलू, ते त्याही वेळी झालं. तेवढ्यात त्या मुलीची आई वळली, तिनं मला पाहिलं, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि भर दुकानात वाकून माझ्या पायाला हात लावला. म्हणाली, "मॅडम, ओळखलं का? मी सायखेड्याची चैताली. ही आपली मृण्मयी."

मी ओळखलं नाही, पण ओळखल्यासारखं हसले. हेही मला चांगलं जमतं. पंचवटीत निमाणीजवळ माझा दवाखाना आहे, दिवसाला पन्नास-साठ मुलं येतात, आया रस्त्यात भेटतात आणि मी प्रत्येकीला "किती मोठी झाली गं" म्हणते. पण ही बोलायला लागली तसं माझं हसू नुसतं तोंडावर राहिलं. तिनं सांगितलं ते असं. मागच्या वर्षी शाळेत डोळे तपासायला लोक आले होते. मृण्मयीचा उजवा डोळा झाकला तर तिला फळ्यावरचं एकही अक्षर दिसेना. नाशकातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रातून डोळा पाहिला आणि पहिला प्रश्न काय विचारला, तर हिचे पाय दुखतात का. मग त्यांनी तिचा फ्रॉक वर करायला लावला आणि दोन्ही गुडघे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. डावा सुजलेला होता. तिथून पुण्याला, मुलांच्या सांध्यांच्या डॉक्टरांकडे. लहान मुलांचा संधिवात. चैतालीला तो शब्द आता सवयीचा झाला होता, सर्दी म्हणावं तसा ती तो म्हणत होती. गुडघ्यात सुई दिली, आठवड्याला एक इंजेक्शन सुरू झालं, ते ती आता स्वतःच टोचते, डोळ्यात थेंब घालते. गुडघा उतरला, पोरगी पळते. डावा डोळा मात्र गेल्यातच जमा आहे. त्यानं तिला समोर धरलेल्या हाताची बोटं कशीबशी मोजता येतात. आतली सूज वर्षभर शांत राहिली तर ऑपरेशन करून बघू म्हणालेत, पण आशा फार धरू नका असंही म्हणालेत.

आणि मग ती जे म्हणाली त्याच्यासाठी हे सगळं लिहितेय. आवाज खाली आणून, लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या अगदी जवळ येऊन ती म्हणाली, "मॅडम, तुमचं काय नाय चुकलं. तुमी फक्त म्हनल्या व्हत्या, नाटक करते, लाड करू नका. मारायला थोडंच सांगितलं व्हतं? मीच रोज सकाळी मारून मारून चालवली हिला, येशीपर्यंत. त्याच्यानंच गुडघा सुजला आन् तेच पुढं डोळ्यात गेलं." मी काहीतरी पुटपुटले, असं नसतं गं, मारण्यानं हा आजार होत नाही. ती समजूतदारपणे हसली. पुण्याचे डॉक्टरपण हेच म्हणतात, म्हणाली, पण आईला बरं वाटावं म्हणून डॉक्टर लोक तसं सांगतात. डॉक्टर नुसता धीर द्यायला बोलतात, हे तिला कधीतरी मीच शिकवलं होतं का, असं वाटून गेलं. तिथंच, त्या काउंटरपाशी, एक वाक्य बोलायचं होतं. सगळ्या फ्रेमा आणि आरसे साक्षीला होते. मी "काळजी घे" म्हटलं, मुलीच्या गालाला बोट लावलं आणि बाहेर आले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की माझा चष्मा दुकानातच राहिलाय, पण परत जायची माझी छाती झाली नाही.

दवाखाना दुपारचा बंद असतो. तानुबाई, माझ्याकडे एकोणीस वर्षं असलेली मावशी, फरशी पुसत होती. तिला वाटलं मी काही विसरले. मी कार्डांचे खोके काढले. कॉम्प्युटर घ्या म्हणून सगळे मागे लागले तरी मी अजून कार्डच लिहिते, आणि त्याचा मला अभिमान होता. स म्हणजे सायखेडा नव्हे, म म्हणजे मृण्मयी. ते सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. माझंच अक्षर, माझ्याच शाईतलं. पहिली भेट नोव्हेंबरातली, दिवाळी होऊन गेल्यावरची, वय चार वर्षं एक महिना. 'पाय दुखतो, सकाळी. ग्रोइंग पेन्स. अँक्शस मदर. धीर दिला.' दुसरी भेट जानेवारीत, 'तीच तक्रार, सकाळी लंगडते म्हणते. आत्ता अगदी नॉर्मल. शाळा टाळणे? कॅल्शियम.' तिसरी जूनमधली, 'चालणं उत्तम, टेबलावरून स्वतः उडी मारली. आईला समज दिली.' पहिल्या दोन्ही वेळा 'सकाळी' असं मी माझ्या हातानं लिहिलंय. मुलांची साधी वाढीची दुखणी संध्याकाळी येतात, झोपेत येतात, दोन्ही पायांत येतात आणि सकाळी मूल जणू काही झालंच नाही असं खेळायला पळतं. सकाळी उठल्यावर आखडलेला एक सांधा जो दिवस चढेल तसा मोकळा होत जातो, ते दुखणं वेगळं, त्याला थांबायचं, गुडघा उघडा करून बघायचा, आणि डोळे तपासायला पाठवायचं, कारण त्या मुलांचा डोळा ना लाल होतो ना दुखतो, नुसता गुपचूप जातो. हे मला माहीत नव्हतं असं जर असतं तर मी आज इतकी दचकले नसते. शिकाऊ डॉक्टर पोरींना हे मी बोटावर मोजून शिकवलंय. पोरी वहीत उतरवून घ्यायच्या.

मग कसं झालं? कसं झालं ते मला आठवायला लागलं, आणि आठवणं थांबेना. माझी ओपीडी संध्याकाळी पाच ते नऊ. सकाळी मी प्रसूतिगृहांत जाते, नवी बाळं बघते, एका ट्रस्टच्या दवाखान्यात लसी देते. बत्तीस वर्षांत मी आजारी मूल पाहिलं ते दिवस मावळताना, आयांनी वेणीफणी करून, पावडर लावून आणलेलं. चैतालीचा नवरा सुनील सायखेड्याहून मेथी-कोथिंबिरीची पिकअप घेऊन संध्याकाळच्या लिलावाला मार्केटात यायचा, त्याच गाडीत पुढे बसून ह्या दोघी यायच्या. लिलाव होईपर्यंत माझ्याकडे बसायच्या. पाळी यायला तास दीड तास जायचा, तेवढ्यात पोरगी पॅसेजमध्ये घसरगुंडीवर चढायची, उतरायची, पाय पूर्ण मोकळा व्हायचा आणि मग मी तिला पाहायचे. मी पाहिलं ते खोटं नव्हतं, नुसतं संध्याकाळचं होतं. आणि पहिल्याच दिवशी, चैताली सांगायला लागली, "सकाळच्याला उठली की पाय टेकतच नाय," तेव्हा मी विचारलं होतं शाळा किती वाजता असते. ती म्हणाली साडेआठला. मी हात टेबलावर आपटून म्हटलं, "बरोबर, शाळेच्या ठोक्यालाच दुखतं बघ हिचं." रूममधे आणखी दोन आया होत्या, त्या हसल्या. मुलगी पण हसली, सगळे हसतात म्हणून. चैताली एकटी नाही हसली, ओशाळली. मला माझ्या विनोदांची फार हौस आहे. माझा दवाखाना निम्मा त्याच्यावर चाललाय, डॉक्टर शैला किती मजेशीर बोलतात, पोरं रडतसुद्धा नाहीत. त्या एका वाक्यानं निदान झालं होतं. पुढच्या दोन भेटी म्हणजे नुसतं त्या विनोदाची री ओढणं होतं.

आणि लेगिंग्ज. हे कार्डावर नाही, पण हाताला आठवतंय. जानेवारीत नाशकात काय कुडकुडतं ते सांगायला नको, मुलीच्या पायात जाड लोकरी लेगिंग्ज होत्या, वरून दोन मोजे. चैताली ते काढायला वाकली तर मी म्हटलं राहू दे, थंडी आहे, बाहेर वीसजण बसलेत. मी कापडावरूनच गुडघा दाबला. काय कळणार होतं कापडावरून? डोळ्याच्या डॉक्टरनं फ्रॉक वर करायला लावला, आणि मी, जिचा तो विषय, जिच्या भिंतीवर गुडघ्या-कोपरांच्या चित्रांचं पोस्टर आहे, तिनं अर्ध्या मिनिटाची कसर केली. उगाच तपासण्या लिहीत नाही, उगाच कुणाला पुण्या-मुंबईला धाडत नाही, ही माझी ख्याती. गरिबाचे पैसे वाचवते म्हणून लोक दुवा देतात. आता मला वाटतं की त्या ख्यातीला मी स्वतःच भुलले. सुजाण दिसण्याची चटक लागली की माणूस बघायचं सोडून देतो, आणि मी सोडलं होतं, कधीपासून ते मला सांगता येणार नाही.

तानुबाईनं फरशीचं फडकं पिळत विचारलं, कुणाचं कार्ड काढलं. मी म्हटलं, सायखेड्याची ती मुलगी, मेथीवाल्याची. तिला लगेच आठवली. म्हणाली, "ती होय. बापाच्या कडेवर यायची ना. गाडीतून उतरली की खांबाला धरून उभी राहायची, पायरी चढायला नको म्हणायची. मग इथं फिरून फिरून मोकळी व्हायची." मी म्हटलं, हे मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तुम्ही आतून बेल वाजवता, मी पुढचा पेशंट सोडते, मध्ये बोललं की तुम्ही रागावता. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती बादली उचलून मागं गेली, आणि मी माझ्याच खुर्चीत, पेशंटच्या बाजूला नाही, डॉक्टरच्याच बाजूला, कार्ड मांडीवर घेऊन बसून राहिले.

त्यानंतरचे तीन आठवडे मी मोठी विचित्र डॉक्टर झाले. शिंक घेऊन आलेल्या पोराला विचारायचे, सकाळी कसा उठतो? कुणाचं पोट दुखत असलं तरी गुडघे उघडे करायला लावायचे. कुणी आई म्हणाली दम लागतो, तर मी विचारायचे, कोणत्या वेळेला, नीट आठव. आया एकमेकींकडे बघायला लागल्या. गर्दी मागं रेंगाळायला लागली, तानुबाई दहादा डोकावून जायची. दोन मुलांना मी रक्त तपासायला पाठवलं, दोघांचंही काही निघालं नाही, आणि खरं सांगते, निघालं नाही म्हणून मला आनंद व्हायच्या आधी एक क्षण चुकल्यासारखं वाटलं. मी कसलीतरी फेड करत होते. पण जिची करायची ती तिथं नव्हती. घरी जेवताना हात थांबायचा. नवरा, विश्वेश, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला, प्रत्येक गोष्टीचं गणित मांडणारा माणूस. त्याला एकदा सगळं सांगितलं. तो म्हणाला, घाबरू नकोस, कार्डावर काही चुकीचं लिहिलेलं नाही, आणि ती बाई तर तुझं नावच घेत नाहीये. माझी काळजी वाटून म्हणाला तो. मला त्याचा इतका राग आला की मी पानावरून उठले. नावच घेत नाहीये, हेच तर मला सोसत नव्हतं. तिनं दुकानात तमाशा केला असता, माझ्या अंगावर धावून आली असती तर मी कितीतरी सुखात असते. तिनं माझी चूक उचलून स्वतःच्या अंगावर घेतली होती, तीही पाया पडून, आणि ती आता जन्मभर घेऊन फिरणार होती. रोज सकाळी लेकीच्या डोळ्यात थेंब घालताना तिला वाटणार की हे माझ्या हातानं झालं. तेवढं एक मला काढून घेता येण्यासारखं होतं. डोळा मी परत देऊ शकत नव्हते.

फोन करावा असं चार वेळा वाटलं. नंबर कार्डावर होता. पण फोनवर ती "नाय मॅडम, तुमचं काय नाय" म्हणाली असती आणि मी सुटले असते, आणि सुटण्यासाठी फोन करतेय हे मला कळत होतं. ओपीडीला बोलवावं तर ती पुन्हा संध्याकाळी येणार, माझ्या टेबलाच्या पलीकडे बसणार. म्हणून मार्चच्या पहिल्या सोमवारी मी प्रसूतिगृहाला कळवलं की उशिरा येईन आणि सकाळी सहाला गाडी काढली. ओढा गावाच्या पुढे रस्त्याला द्राक्षांच्या क्रेटनी भरलेली वाहनं लागली होती, चांदोरीला लोक चहाच्या टपरीवर शेकत उभे होते, कारण सकाळी अजून गारठा असतो. गोदावरीचा पूल ओलांडताना मी वाक्य जुळवत होते. 'त्या वेळी मला लक्षात यायला हवं होतं.' नको, यात हवा फार आहे. 'माझ्याकडून निदान राहून गेलं.' राहून जातं ते किराण्याच्या यादीतलं मीठ. शेवटी मी ठरवलं, चुकले म्हणायचं, मी चुकले. बत्तीस वर्षांत हे शब्द मी कुठल्याही आईला म्हटलेले नाहीत हे त्या पुलावर माझ्या लक्षात आलं.

घर विचारत गेले. मळ्यातलं नवं सिमेंटचं घर, पुढे पिकअप उभी, सुनील तिच्यात ओल्या गोणपाटाखाली काहीतरी रचत होता. मला पाहून तो गडबडला, खुर्ची आणायला धावला. त्याची आई नवसाबाई ओट्यावर दात घासत होती, तिला 'मृण्मयी' म्हणता येत नाही, तिनं आत हाक मारली, "मिरने, डॉक्टरीन आली बघ तुझी." चैताली दारात आली तेव्हा तिच्या हातात गरम पाण्यात पिळलेला टॉवेल होता. ती घाबरली. डॉक्टर आपणहून सकाळी दारात म्हणजे काहीतरी वाईट रिपोर्ट आला असणार, असंच तिला वाटलं. मी म्हटलं, काही नाही, सहज आले, तू तुझं काम कर. आणि मी पहिल्यांदा ते पाहिलं. मुलगी अंथरुणावर बसली होती, डावा गुडघा अर्धवट दुमडलेला, तो सरळ होत नव्हता. चैतालीनं टॉवेल गुंडाळला, थोडा वेळ धरला, मग एका हातानं घोटा आणि दुसऱ्यानं मांडी धरून अगदी सावकाश पाय लांब केला, पुन्हा दुमडला, पुन्हा लांब केला. ओठ हलत होते, ती आकडे मोजत होती. मग मुलगी उठली. पहिली चार पावलं तिनं टाच न टेकता, कुल्हा वर उचलत टाकली, भिंतीला धरून. पाचव्याला टाच टेकली. मोरीपर्यंत जाईस्तोवर ती जवळजवळ नीट चालत होती. आता औषधं सुरू आहेत म्हणून हे असं दहा मिनिटांत आटपतं. तेव्हा हे आखडणं दोन तास चालायचं, चैताली म्हणाली. दोन तास, आणि त्यातच साडेआठ वाजायचे. कुणीही, वैद्यकीचं एक अक्षर न शिकलेल्या कुणीही, ही चार पावलं पाहिली असती तर मुलीला उचलून घेतलं असतं.

चहा आला. सुनील गाडीकडे गेला, म्हातारी गोठ्याकडे. मुलगी युनिफॉर्म घालून उंबऱ्यावर बसली आणि चैताली तिच्यासमोर बसून तिला मोजे चढवायला लागली. मी खुर्चीवरून उतरून खाली जमिनीवर बसले. म्हटलं, "चैताली, मी चुकले. तू तेव्हा बरोबर सांगत होतीस. सकाळी दुखतं म्हणालीस, ते ऐकूनच मला कळायला हवं होतं, मला ते शिकवलेलं आहे. मी हिचा पाय उघडा करून पाहिला नाही. त्याच दिवशी डोळे तपासायला पाठवलं असतं तर डोळा वाचला असता. तुझ्या मारण्यानं काही झालेलं नाही. झालंय ते माझ्यामुळे." सगळं एका दमात बोलले. आवाज माझा नव्हता, कुणीतरी पाठांतर म्हणावं तसा निघाला.

चैतालीनं एक मोजा चढवून झाला, तो वर ओढून नीट केला. मला वाटलं ती रडेल, किंवा नेहमीसारखं नाही मॅडम म्हणेल. मी त्या 'नाही मॅडम'ची वाटच बघत होते, हे आता कबूल करते. ती म्हणाली, "मला कळत व्हतं मॅडम. ही खोटं नाय बोलत हे मला पहिल्या दिसापासून कळत व्हतं. झोपेत पाय हलला तरी कण्हायची. पन तुमी हसल्या. मला वाटलं, एवढ्या शिकलेल्या बाई हसत्यात म्हंजी आपल्यालाच कळत नसंल. तवापासनं मी हिचं ऐकायचं बंद केलं." मग म्हणाली, "हे मला नका सांगू. हिला सांगा. हिला मी खोटारडी म्हनायचे."

मृण्मयी मान थोडी डावीकडे वळवून माझ्याकडे बघत होती, उजव्या डोळ्यानं नीट दिसावं म्हणून. नव्या चष्म्याच्या काचेआड ती वेडीवाकडी बाहुली होती. मुलांशी बोलायचा माझा एक खास आवाज आहे, तो मी शोधला तर सापडला नाही. साध्या आवाजात म्हटलं, "तू लहान होतीस ना, माझ्याकडे यायचीस, तेव्हा तुझा पाय खरंच दुखत होता. तू खरं बोलत होतीस. मलाच कळलं नाही."

तिनं यावर विचार केला. मुलं खरोखर विचार करतात तेव्हा तोंड थोडं उघडं राहतं, तसं तिचं राहिलं. मग ती म्हणाली, "पण नंतर मी खोटं बोलायचे."

"काय?"

"नाही दुखत म्हणायचे. मारल्यावर मम्मी रडायची ना, रस्त्यात. मग मी नीट चालायचे. तुमच्याकडे पण."

चैतालीचे हात बुटाच्या बकलावर होते ते तिथंच राहिले. तिची मान इतकी खाली गेली होती की मला फक्त तिचा भांग दिसत होता. हे तिला माहीत नव्हतं. मी आले नसते तर कदाचित कधीच कळलं नसतं. मुलगी मोठी होता होता विसरून गेली असती, आणि ही एक गोष्ट तरी त्या बाईच्या वाट्याला आली नसती. मी तिचं ओझं उतरवायला सायखेड्यापर्यंत आले होते आणि तिच्या दारात बसून तिला हे देऊन चालले होते. मला तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण तो माझाच हात होता, म्हणून नाही ठेवला.

बऱ्याच वेळानं बक्कल लागलं. तिनं दुसरा बूट ओढून घेतला आणि वर न बघता म्हणाली, "मॅडम, तुमी निघा आता. हिची गाडी येईल."